खोडलेले उत्तर तपासले जाणार नाही

कलनपूर्व गणित (प्रीकॅल्क्युलस)
प्रथम वर्ष विज्ञान
नियम आणि अपेक्षा

नियम १. हा कागद प्रत्येकाने घरी मोठ्याने वाचावा. पालकांची सही किंवा अंगठा आणावा.

ठकीने वाचला. चुलीपुढे बसून, एकेक शब्द सुटा करून. आई नागलीची भाकर थापत होती. थापायची थांबली नाही, पण कान इकडेच होते. लाडकी करबट शाळेची पायरी चढली नव्हती, तरी लेक काही वाचायला लागली की ती डोक्यावरचा पदर सारखा करायची, घरात कुणी बाहेरचं आल्यासारखा.

"प्री म्हंजे काय गं?"

"आधीचं. कॅल्क्युलसच्या आधीचं शिकवतात."

"म्हंजे कच्चा."

"कच्चा नाय, आये. आधीचं."

"तेच सांगते मी. चिकू काय झाडावर पिकतो? कच्चा उतरवायचा, आढीत घालायचा, मंग पिकतो. तुझा मास्तर तुम्हाला आढीत घालतो आहा."

हंगामात लाडकी टेम्पोत बसून बोर्डीकडे चिकूच्या वाड्यांत जायची. जगातल्या बऱ्याच गोष्टी तिला चिकूवरून कळत. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ठकी उधव्याला उतरून पाड्यावर आली की अंगणातूनच प्रश्न यायचा, "पिकला का गं तुझा कलकुलस?"

अंगठा लाडकीने भाकरीच्या पिठाचाच उठवला. शाईचा डबा ठकीच्या बापाने, लाहूने, कुठे ठेवला होता कोण जाणे. कागदावर पांढुरका गोल उमटला आणि वाळल्यावर झडूनही गेला. सरांनी तरी चालवून घेतला.

नियम २. नियम सर्वांना समान आहेत. कोणालाही, कोणत्याही कारणाने सवलत मागता येणार नाही.

सर म्हणजे श्यामकांत चुरी. वरोरचे. मुंबईत शिकले, मुंबईत शिकवलं, आणि आपल्याच भागात परत आलेल्या माणसाकडे जो एक हट्ट असतो तो घेऊन डहाणूच्या कॉलेजात आले. विषयाचं नाव इंग्रजीत, पुस्तक इंग्रजीत, पण नियमांचा कागद त्यांनी स्वतः बसून मराठीत केला होता. कळलं नाही असं कुणी म्हणू नये म्हणून.

पहिल्या तासाला विनोदने हात वर केला. विनोद म्हणजे वर्गातला तोंडाळ.

"सर, एस्टीवाल्यांना पासिंग कमी असतं ना?"

वर्ग हसला. चुरी सर हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला.

"ऐका. या दाराच्या आत कुणी वारली नाही, कुणी मांगेला नाही, कुणी वाडवळ नाही. इथे फक्त एक्स आहे आणि वाय आहे. जात सांगून माझ्याकडे कुणी काही मागायचं नाही. मीही कुणाला विचारणार नाही."

ठकीला ते आवडलं होतं. हे इथे सांगितलंच पाहिजे. तिने घरी जाऊन आईला सांगितलं, आणि आई म्हणाली, "माणूस चांगला आहा."

माणूस चांगला होता.

नियम ३. वर्गात नीट भाषा वापरावी.

जुलैत ठकीचा आजा गेला. ती आठवडाभर आली नाही. आल्यावर सरांनी हजेरी घेताना विचारलं, कुठे होतीस.

"आजा मेला, सर."

मागच्या बाकांवरून कुणीतरी फिसकन हसलं. सर रागावले नाहीत. अगदी मायेने म्हणाले, "मेला म्हणू नये, ठकी. जनावर मरतं. माणसाबद्दल 'वारले' म्हणावं. आता कॉलेजात आलात तुम्ही. म्हण बघू."

"आजा वारले, सर."

"छान. बस."

संध्याकाळी तलासरीहून उधव्याच्या इको गाडीत संगिता तिच्या मांडीवर जवळजवळ बसलीच होती, इतकी गर्दी. संगिता पलीकडच्या पाड्यावरची, तीही वारली, तीही त्याच वर्गात.

"काय गं, तुझा आजा वारला?"

"हो."

"आधी कोण होता? कोळी?"

ठकीला इतकं हसू आलं की ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. आज्याला जाऊन आठवडा झाला होता आणि ती हसत होती. घरी गेल्यावर तिने आईला सांगितलं. लाडकी हसली नाही आधी. नीट विचार केला. मग म्हणाली, "मंग मी तर जन्मापासून वारली आहा. मला मरायचं कामच नाय."

आणि मग हसली. तोंडात तंबाखू असताना हसायची तसं, ओठ मिटून, सगळी पोटातून हलत.

नियम ४. फंक्शनची व्याख्या झोपेतून उठवून विचारली तरी सांगता आली पाहिजे.

प्रत्येक एक्सला एक आणि एकच वाय.

एका वायकडे दोन एक्स आले तर चालतं. दोन बहिणींनी एकाच विहिरीवर जावं तसं. पण एका एक्सचे दोन वाय झाले की ते फंक्शन नाही. सरांनी फळ्यावर गोल काढला आणि त्याच्यामधून उभी रेघ ओढली. रेघ गोलाला दोनदा लागली. "एक आत जाताना, एक बाहेर येताना. एक्स तोच. आता वाय कोणता धरायचा? हा का तो? ठरवता येत नाही. म्हणून गोल हे फंक्शन नव्हे."

ठकीने वहीत गोल काढला. तिला वाटलं, यात अवघड काय आहे.

नियम ५. चाचणी अनिवार्य आहे. चाचणी न देणाऱ्यास सत्राच्या परीक्षेला बसता येणार नाही.

आदल्या संध्याकाळी लाडकीचं डोकं दुखत होतं. तिने कपाळाला फडकं घट्ट बांधलं आणि लेकीला अभ्यासाला कंदिलाजवळ बसवलं, कारण वीज गेली होती.

"उद्या आहा ना तुझा पेपर?"

"छोटा आहे गं. चाचणी."

"छोटा असूं दे नायतर मोठा. कायपण झालं तरी सोडायचा नाय. माझं ऐकतेस का?"

"ऐकते."

"कच्चा उतरवलेला चिकू आढीतून मधीच काढला ना, तर ना कच्चा ना पिका. गुरंपण खात नाय."

नियम ६. चुकलेली चाचणी पुन्हा घेतली जाणार नाही. अपवाद: आई, वडील, सख्खे भावंड यांचा मृत्यू. अशा वेळी त्याच सकाळी शिक्षकांना फोनवर कळवावे.

उजाडताना लाडकी चुलीत लाकूड सारायला वाकली आणि तशीच कलंडली. ओरडली नाही. हातातलं लाकूड हातातच. शेजारच्या बाया धावत आल्या, फुई आली, म्हणजे लाहूची बहीण, तिने नाकापुढे हात धरला आणि तो बराच वेळ काढलाच नाही.

"मेली गं," फुई म्हणाली.

लाहू सरीगामला कंपनीत रात्रपाळीला होता. पाळीत फोन जवळ ठेवू देत नाहीत. कुणीतरी मोटारसायकल काढून त्याला आणायला गेलं. बायांनी लाडकीला अंगणात आणून निजवली. तो आल्याशिवाय तिला न्यायची नाही असं ठरलं. रात्रपाळीवाल्याला पुष्कळदा दिवसपाळीलाही थांबवून घेतात, म्हणजे संध्याकाळ होणार, असं सगळे म्हणाले.

ठकी आईच्या पायांशी बसली होती. तिला रडू येत नव्हतं. डोक्यात नियमांचा कागद वाजत होता, रेडिओ आपोआप लागावा तसा. आई, वडील, सख्खे भावंड. त्याच सकाळी. फोनवर. ती उठली आणि पाड्यामागच्या टेकाडावर गेली. तिथेच थोडी रेंज मिळते, तीही अर्धी गुजरातची. चढताना तिने वाक्य तयार केलं. मेली म्हणायचं नाही. जनावर मरतं.

"सर, मी ठकी बोलते. ठकी करबट."

"हं, बोल." मागे कुकरची शिट्टी झाली. आवाज तुटत होता.

"सर, माझी आई वारली."

"काय? मोठ्याने बोल."

"माझी आई वारली, सर. म्हणून आजच्या चाचणीला सवलत पाहिजे होती."

पलीकडे सरांनी सुस्कारा सोडला तो मात्र स्वच्छ ऐकू आला.

"ठकी, तूसुद्धा? कालपासून हेच चाललंय. कुणी दाखला दाखवतो, कुणी जात सांगतो. आई वारली, मग मी काय करू? अर्ध्या वर्गाची आई वारली आहे. तुमच्या तलासरीकडची तर जवळजवळ सगळीच. त्यांनी आज घरी बसायचं का?"

"नाही, सर."

"मला तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. अकराला वर्गात दिसली पाहिजेस."

फोन तुटला. लगेच मेसेज आला: गुजरातमध्ये आपले स्वागत आहे.

ठकी टेकाडावर उभी राहिली. अर्ध्या वर्गाची आई वारली आहे. संगिताची? तिची आई तर परवा उधव्याच्या बाजारात सुके बोंबील घेत होती. मग सरांना काय म्हणायचं होतं? सगळ्यांच्याच आया कधी ना कधी जातात, असं? का कॉलेजात असंच असतं, आई गेली तरी अकराला यायचं, आणि बाकीचे गुपचूप येत होते आणि आपल्यालाच माहीत नव्हतं? दुसरा अर्थ समोर पडला होता. त्यावर ती स्वतः इकोमध्ये पोट धरून हसली होती. पण आई मेलेल्या माणसाला त्या शब्दाचा एकच अर्थ असतो.

तिने हिशेब मांडला, गणितातला मांडतात तसा. बाप येणार संध्याकाळी. अकराला चाचणी, बाराला सुटणार, तीनपर्यंत परत. आईला शेवटचं पाणी पाजायला आपण असू. आणि आई म्हणाली होती, कायपण झालं तरी.

फुईला तिने एवढंच सांगितलं, "आयेने सांगितलेलं, जाऊन येते."

फुई तिच्याकडे बघत राहिली. "लवकर ये, पोरी. तुझ्या हातचं पाणी लागेल तिला."

नियम ७. चाचणी सुरू झाल्यावर बोलू नये. अर्धा वेळ होईपर्यंत वर्ग सोडू नये.

संगिता आदल्या दिवसापासून डहाणूत मावशीकडे होती. तिला काही माहीत नव्हतं. तिने ठकीकडे बघून भुवया उडवल्या, काय गं केस विंचरले नाहीस. ठकी खाली बसली.

सर कागद वाटत आले. तिच्या बाकापाशी थांबले आणि हलकेच म्हणाले, "आलीस ना. बरं केलंस. त्या कारणांच्या मागे लपायची तुला गरज नाही, तू हुशार आहेस."

खरंच ते चांगल्यासाठीच बोलले.

पहिला प्रश्न सोपा होता. दुसराही. हात आपोआप लिहीत होता. त्या हाताला चुलीतल्या राखेचा वास येत होता.

प्रश्न ३. फंक्शन नसलेल्या संबंधाचे एक उदाहरण द्या. आकृती काढा.

एका एक्सला दोन वाय. तिने डावीकडे एक ठिपका काढला. उजवीकडे दोन. डाव्या ठिपक्यातून एक बाण वरच्याला, एक खालच्याला. आता नावं द्यायची.

पेन थांबलं.

त्या कारणांच्या मागे. कोणत्या कारणांच्या? मृत्यूच्या मागे कुणी कसं लपेल? जात सांगून माझ्याकडे कुणी काही मागायचं नाही. अर्ध्या वर्गाची आई वारली आहे. आधी कोण होता, कोळी? मी तर जन्मापासून वारली आहा.

हा का तो? ठरवता येत नाही.

सरांनी ऐकलंच नव्हतं. तिने सांगितलं, त्यांनी उत्तर दिलं, आणि त्यात तिची आई मेलेलीच नव्हती. इथे डहाणूत, या वर्गात, अजून कुणाच्याच लेखी मेलेली नव्हती. आणि तिकडे पाड्यावर ती अंगणात पडली होती आणि लेक नव्हती.

डाव्या ठिपक्यापाशी तिने लिहिलं: वारली. वरच्या ठिपक्यापाशी: जात. खालच्यापाशी: मेली.

उत्तर बरोबर होतं. दोन गुणांचं. तिने ते पाहिलं. आईला तिने उदाहरण केलं होतं.

मग तिने त्या सगळ्यावर रेघा ओढल्या, एकावर एक, कागद फाटेपर्यंत, आणि खाली पुस्तकातला गोल काढून उभी रेघ मारली. जागेवरून उठली.

"सर, जाते मी."

"अर्धा वेळ झालेला नाही. नियम सात."

"सर, माझी आई मेली."

यावेळी कुणी फिसकन हसलं नाही. चुरी सरांनी तोंड उघडलं, आणि ठकीला दिसलं की तेही सकाळचा फोन पुन्हा ऐकताहेत, एकेक शब्द, आणि एका शब्दापाशी येऊन थांबलेत. त्यांच्या हातातला खडू खाली पडला नाही. त्यांनी तो फार काळजीपूर्वक टेबलावर ठेवला, तो कुठे ठेवायचा हाच जणू आता प्रश्न उरला होता.

"कधी?"

"सकाळी. तुम्हाला फोन केला तेव्हा."

संगिता रडायला लागली.

नियम ८. उशिरा येणाऱ्यास वेळ वाढवून मिळणार नाही.

सरांनी गाडी काढली. चारोटीला हायवेवर चढले आणि पुढे कंटेनर आडवा झालेला. ट्रकांची रांग दिसेल तिथवर. माणसं खाली उतरून चहा पीत होती.

"आतून रस्ता आहे का?" सरांनी विचारलं.

"माहीत नाही, सर. मी एसटीने येते."

ऑक्टोबरचं ऊन काचेतून मांडीवर पडत होतं. बऱ्याच वेळाने सर म्हणाले, "मला वाटलं, तू..."

"हो, सर."

"मीच सांगितलं होतं ना तुला, वारली म्हणावं."

"हो."

ते रडतील असं तिला वाटलं. तिला ते नको होतं. आपण अजून रडलो नाही, आणि त्यांनी आधी रडलं तर त्यांनाच पाणी द्यावं लागेल. ती खिडकीबाहेर बघत राहिली. शेजारच्या ट्रकचा क्लीनर चिकू खात होता आणि बिया रस्त्यावर थुंकत होता.

उधव्याच्या पुढे पाड्याकडे वळताना तिला अंगण दिसलं. अंगणात कुणीच नव्हतं. नव्याने सारवल्यासारखी एक ओली जागा होती फक्त, आणि तिच्यावर सांडलेले तांदूळ कोंबड्या टिपत होत्या.

मोटारसायकलवाल्याने लाहूला लवकर गाठलं होतं. ऊन चढत होतं. वाट पाहिली, फुई सांगत होती, खूप पाहिली गं, तुला फोन लावला तर तुझा फोन बंद. चाचणीला फोन बंद ठेवायचा असतो. नियम होता तोही.

"पाणी कुणी पाजलं?"

"मी," फुई म्हणाली. "तुझं नाव घेऊन पाजलं."

लाहू ओल्या कपड्यांनी नदीकडून वर आला. सर पुढे झाले. त्यांनी हात जोडले आणि काहीतरी सांगायला सुरुवात केली, की चूक माझी आहे, की मी तिला. लाहूला त्यातलं काही कळलं नाही. कॉलेजातला मास्तर एवढ्या लांबून दारात आला, एवढंच त्याला कळलं. त्याने खाट झटकून पुढे सरकवली.

"बसा, सर. पोरीने पेपर दिला ना?"

सर खाटेच्या कडेला टेकले.

"दिला," ठकी म्हणाली.

"बरं झालं. तिची लय इच्छा होती." लाहूने तोंडावरून ओला हात फिरवला. "काल सांगत होती मला, पिकायला आलाय."

तेव्हा ठकी रडली. ओल्या जागेच्या कडेला बसून, आढीतून मध्येच काढल्यासारखी.

नियम ३ (सुधारित). विद्यार्थ्याने आपल्या घरच्या शब्दांत सांगावे. शिक्षकाला न कळल्यास शिक्षकाने पुन्हा विचारावे.

नवा कागद दिवाळीनंतर वाटला गेला. विनोदनेही तो गप्प बसून वाचला. पुन्हा अंगठा आणायचा होता. यावेळी शाईचा डबा सापडला. लाहूने उठवला.

त्याच दिवशी चाचणीचे पेपर मिळाले. सरांनी तिला आधी बोलावून विचारलं होतं, तुझी चाचणी परत घेऊ का, तुझा हक्क आहे. ती म्हणाली, "नको, सर. दिली ना."

तिसऱ्या प्रश्नात गोलापुढे बरोबरची खूण होती. दोन पैकी दोन. वर, रेघांखाली दडपलेल्या आकृतीला लाल पेन लागलेलं नव्हतं. फक्त तिच्या शेजारी समासात पेन्सिलने लिहिलेल्या दोन ओळी होत्या. लिहून, त्यावर पुन्हा रेघा ओढून खोडलेल्या. बारकाईने धरलं असतं तर एखादं अक्षर लागलं असतं. संगिता वाकून म्हणाली, "उजेडात धर ना, दिसेल."

ठकीने कागद घडी करून पुस्तकात ठेवला.

"खोडलेलं तपासत नाहीत," ती म्हणाली.